आटवलेलं पाणी

नात निळी पडत होती आणि यशोदाबाई पाणी उकळत होती. दोन महिन्यांची पोर, ओठ जांभळासारखे झालेले. पाणी कच्चं राहून बाधलं असेल, असं वाटून तिनं आज पातेलं अर्धं आटेपर्यंत गॅसवरून उतरवलं नाही. टायफॉइडनंतर सुनेचं, हेमांगीचं दूध आटलं होतं, म्हणून डब्यातली पावडर विहिरीच्या पाण्यात कालवून पाजायची. या कामात यशोदाबाई कुणाला हात लावू देत नसे.

विहीर गोठ्याच्या उताराला. गोठ्यात चाळीस म्हशी. त्यांचं सगळं शेणमूत यशोदाबाईचा नवरा, रुपचंद, मोटार लावून विहिरीकाठच्या मक्यात सोडायचा, वर पुन्हा युरिया टाकायचा. रस्त्यापलीकडच्या कपाशीला मात्र पाटीभर शेणखत मिळत नसे, कारण तिकडे टँकर न्यायचा कंटाळा. हेमांगीनं माती तपासून आणली होती. मक्याला यंदा काही नको, सगळं कपाशीला द्या, असं कागदावर स्पष्ट होतं. पण शहाणपण सुनेच्या हातून घरात आलं की त्याला आधी हसायचं असतं.

"शेण कधी कोणले बाधनं का? अमृत शे ते," रुपचंद म्हणाला होता. यशोदाबाई तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती.

दुपारी पोरीनं बाटली सोडली आणि मान टाकली. रुपचंदनं गाडी काढली. धुळ्यापर्यंतचा पाऊण तास हेमांगी पोरीच्या छातीवर हात ठेवून होती. यशोदाबाईला नवस बोलायचंही सुचलं नाही, इतकी ती घाबरली होती.

तिथल्या देवपुरातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त काढलं. ते लाल नव्हतंच, कोऱ्या चहासारखं तपकिरी होतं.

"बाळाला पाणी कुठलं देता?"

"विहीरनं. पन मी रोज उकाळी देस," यशोदाबाई घाईनं म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आसपास गोठा आहे का, खत किती टाकता, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "आजी, उकळून जंतू मरतात. पिकाला नको असलेलं खत जमिनीतून विहिरीत उतरतं, त्यातल्या नायट्रेटनं बाळाचं रक्त असं होतं, आणि ते उकळून जात नाही. पाणी आटवलं की उलट दाट होतं."

रुपचंदनं हेमांगीकडं बघितलं. यशोदाबाईला तोंड लपवायला जागा उरली नाही. आपल्याच हातानं, रोज, मायेनं!

इंजेक्शन दिलं. तासाभरानं ओठांवर लाली चढू लागली, पोर रडली आणि हेमांगीचाही बांध फुटला.

"वाचली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण विहीर सुधारायला आता वर्षं लागतील. तिचं पाणी आणखी कोण भरतं?"

यशोदाबाईला शेजारचं घर आठवलं. शेजारच्या सुगंधाबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिलाही दूध पुरत नव्हतं, तिचं बाळही याच विहिरीच्या पाण्यात कालवलेली पावडर पीत होतं. परवाच यशोदाबाईनं तिच्या स्वयंपाकघरात बसून पाणी किती आटवायचं ते शिकवलं होतं.

तिनं रुपचंदच्या हातातून फोन ओढला. "उचल माय, उचल."

"बोला अक्का," सुगंधाबाईचा आवाज आला. "तुमीन सांगं तसंच करी राह्यनू. पोऱ्या सकायपासून मलूल शे, म्हनीसन आज पानी आखो जास्त आटाडं."

"फेकी दे ते पानी!" सगळा दवाखाना वळून बघेल अशी यशोदाबाई ओरडली. "मी चुकनू, सुगंधा. पोऱ्याले लिसन धुळ्याले दवाखानामा ये, आत्तेच ये!"