चार बोटं घटलेला धागा

गोळीबार चौकात दर गुरुवारी इतकी गर्दी व्हायची की रिक्षावाले तिकडे वळायचेच नाहीत. धागेवाले महाराज आजाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत सुती धाग्यानं मोजायचे, धागा तांब्यातल्या पाण्यात बुडवायचे, उन्हात वाळवून पुन्हा मोजायचे. तो आखूड भरला की डोळे मिटून सांगायचे, "दुखणं चार बोटं घटलं. आता दवाखान्याच्या सुया बंद करा. देवाले शंका चालत नाही."

धागा तुमच्याच घरचा, पाणी तुमच्याच विहिरीचं, ही त्यांची पेटंट ओळ. यात फसवायला जागा कुठे, असं आम्हा विणकरांनाही वाटायचं. अट एकच, धागा घट्ट पिळाचा हवा. सैल धाग्यात म्हणे देव टिकत नाही.

माझ्या चौदा वर्षांच्या जयाला क्षय होता. सरकारी दवाखान्यातल्या सुयांनी तिचा ताप उतरला होता, दोन घास जास्त जात होते. १९७१च्या उन्हाळ्यात त्या सुया मी बंद केल्या. दर गुरुवारी नवा धागा मीच पिळून द्यायचो. सात गुरुवार धागा आखडत गेला आणि पोर सुकत गेली. "बाबा, दुखणं घटून राहिलं का मीच?" असं एकदा तिनं हसत विचारलं. मी तिला गप्प केलं.

आठव्या गुरुवारी तिला उठवेना, म्हणून सकाळी घरीच मोजून धागा भिजवला आणि अंगणात वाळत टाकला. दुपारी जया गेली. तिची आई गोपिका रडली नाही. तिनं अंगणातून धागा आणला आणि लेकीच्या अंगाला लावून पाहिला.

"चार बोटं घटलं ना जी," ती मला म्हणाली. "मंग पोरगी उठून काहून नाही राहिली?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कापसाचा तंतू पाणी पिऊन फुगतो. घट्ट पिळाच्या सुतात प्रत्येक वेढ्याला त्या जाडीभोवती जास्त फिरावं लागतं, म्हणून धागा लांबीला आखडतो आणि वाळल्यावरही पुरता सैलावत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. सूत आखडणार म्हणून तीस वर्षं मी लुगड्याचा ताणा, म्हणजे उभे धागे, लांबीला जास्तच धरत आलो होतो.

पुढच्या गुरुवारी मी सगळ्यांसमोर महाराजांच्या मांडवाचा खांब मोजला, धागा भिजवला, वाळवला. चार बोटं कमी भरला. "खांबाले काय आजार होता, महाराज?" मी विचारलं. ते तांब्या उचलून आत गेले. शेजारची रुख्माबाई तेवढी, मोजायला आणलेल्या नातवाला कडेवर घेऊन दवाखान्याच्या वाटेला लागली.

महाराजांचा राग येतो, पण स्वतःचा जास्त येतो. बाबांनो, मोजायचंच असेल तर ताप मोजा, वजन मोजा, आणि सुया पुऱ्या होऊ द्या. पिळाचा धागा भिजला की आखडतो. जित्या माणसाचा आखडतो, लाकडी खांबाचा आखडतो, आणि माझी जया गेली त्या दिवशी तिचाही आखडला.