हातोडे लाक-ओ-लूला गेले

मे महिन्यात भर दुपारी आमच्या आइस हॉकीच्या टीमचं सामान ट्रकमध्ये चढत होतं आणि अर्धं पोर-ब्रुनो गाव स्टेडियमच्या दारात उभं राहून शिव्या घालत होतं. क्लेमां खाटीक तर ट्रकपुढं आडवाच झाला. आयुष्यभर आमच्या बाजूचा ढोल बडवलेला माणूस, अंगानं हा एवढा आडदांड. पोलिसांनी कसाबसा उचलला, तर हात सोडवून त्यानं ट्रकची पुढची काच मुठीनं फोडली. मनगट चिरलं, रक्ताची धार लागली, आणि त्याच अवस्थेत त्यानं चर्चमधल्या एकूण एक पवित्र वस्तूचं नाव घेऊन, आमच्याकडच्या शिव्या त्याच, टीमच्या मालकाचा उद्धार केला. मीही अंडी फेकली. माझा नेम पहिल्यापासून भिकार. एक अंडं जाऊन फुटलं ते माझ्याच नवऱ्याच्या छातीवर.

हो, माझा नवरा त्या ट्रकच्या पायरीवर उभा होता. टीमबरोबर चालला होता.

रोझेर पोमर्लो म्हणजे 'पोर-ब्रुनो हातोडे' या आमच्या टीमचा ठोशांचा माणूस. आमच्या लीगमध्ये प्रत्येक टीमकडे असा एक असतो. गोल करणं त्याचं काम नाही. समोरच्यांनी आपल्या एखाद्या नाजूक पोराला दांडगाईनं लोळवलं, की हातमोजे बर्फावर टाकायचे आणि मुठींनी जाब विचारायचा, हे त्याचं काम. रोझेरनं ते असं केलं की लोकांनी पोरांची नावं रोझेर ठेवली. क्लेमांच्या दुकानात त्याच्या नावाचं सॉसेज मिळायचं. ट्रक गेला त्या संध्याकाळी क्लेमांनं ते सगळं सॉसेज कुत्र्यांपुढं ओतलं.

मालकाला नवं स्टेडियम हवं होतं, आमच्या महापालिकेनं हात वर केले. मग लाक-ओ-लूच्या लाकूडगिरणीवाल्यानं बांधून दिलं. लाक-ओ-लू! ते काय गाव आहे? निम्मे लोक एकमेकांचे चुलतभाऊ, उरलेले मेहुणे. सिग्नल एकच, तोही बंद. त्यांनी आमची टीम नेली, आमचं नाव नेलं, आमचा पिवळा-काळा रंग नेला. अंगाची नुसती लाही लाही व्हायची.

"मी जाणार," रोझेर म्हणाला होता. "हातोडे जिथं, तिथं मी."

"आणि डोकं?" मी विचारलं.

मार्चमध्ये तो स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कोसळला होता. शुद्धीवर आल्यावर त्यानं मला हळूच विचारलं, ही मुलगी कोण गं? ती मुलगी म्हणजे आमची नोएमी, पोटची पोर. डॉक्टरनं फोटो दिव्यावर लावून डाव्या कानशिलाजवळचा डाग दाखवला. म्हणाला, इथं आणखी एक ठोसा बसला तर हा माणूस उठायचा नाही, आणि उठलाच तरी तुम्हाला ओळखायचा नाही. तेव्हापासून नोएमी बापाच्या खोलीत शिरताना दारातूनच सांगते, "पप्पा, मी नोएमी." हसत हसत सांगते.

"भांडणार नाहीस असा शब्द दे," मी म्हटलं.

"डोक्यावर एकही घेणार नाही. दिला शब्द."

"मी ते मागितलं नाही, रोझेर."

"मला जे देता येतं तेच देतोय ना," तो म्हणाला आणि बॅग भरायला लागला. जित्याची खोड. दुसरं काय?

मी त्याच्याबरोबर गेले नाही. माझी मासळीच्या कारखान्यात नोकरी, नोएमीची शाळा, आणि खरं सांगू का, त्या गावाचं तोंड बघायची इच्छा नव्हती. पण ऑक्टोबरात त्यांचा घरचा पहिला सामना होता, शनिवारी दुपारी, आणि क्लेमांनं तिकडं जायला बस ठरवली. नाकावर टिच्चून आरडाओरडा करायला. मी बसले त्या बसमध्ये, पण माझं काम वेगळं होतं. कारखान्यात रखवालदाराची जागा निघाली होती, साहेबाशी बोलून ठेवलं होतं. मला माझा नवरा परत आणायचा होता. धडधाकट, डोक्यासकट.

बसमध्ये सगळ्यांनी जुन्या जर्सी घातल्या होत्या. क्लेमांच्या मांडीवर ढोल, पायाशी गोठलेल्या माशांची बादली. आमच्याकडे पंच चुकला की बर्फावर मासे फेकतात.

"काय गं आर्लेत, तू कुणाच्या बाजूनं ओरडणार?" त्यानं मला डिवचलं.

"तुझ्या बापाच्या."

"आम्ही यानिकच्या बाजूनं. तो आहे ना आज त्यांच्याविरुद्ध? आज तुझ्या त्या गद्दाराला आडवा करणार तो. बघ तू, दात वेचायला लावतो."

मी बादलीतला मासा उचलला आणि त्याच्या थोबाडीत हाणला. गोठलेला मासा चांगलाच लागतो. सगळी बस हसली, गाल चोळत क्लेमांही हसला. मला काही हसू आलं नाही.

कारण यानिक आमच्या घरात वाढलेला. उत्तरेच्या खाणीकडचं बिनआईचं पोर, सतरा वर्षांचा असताना क्लबनं आमच्याकडे राहायला ठेवला, तो तीन वर्षं राहिला. माझ्या हातचा मटणाचा पाय अख्खा फस्त करायचा आणि परत फ्रीज उघडून उभा राहायचा. रोझेरनं त्याला आमच्या गॅरेजात मुठी चालवायला शिकवलं. हनुवटी खाली, समोरच्याची जर्सी घट्ट धर, आधी त्याला लढतोस का म्हणून विचार आणि मग हातमोजे टाक. आणि पडलेल्याला कधी मारायचं नाही. हे शेवटचं तर त्यानं पोराच्या डोक्यात हातोडीनं ठोकल्यासारखं ठोकलं होतं. आता यानिक दुसऱ्या टीमचा ठोशांचा माणूस होता.

लाक-ओ-लूच्या पार्किंगमध्ये उतरलो तर समोर एक लुकडा फलक धरून उभा. "टीमबद्दल आभार, पोर-ब्रुनो!" क्लेमांनं फलक हिसकावला आणि त्याच्याच डोक्यात घातला. मग काय, धुमश्चक्री. गिरणीतली दांडगी पोरं धावून आली. आमच्यातल्या एकाचं नाक फुटलं, त्यांच्यातला एक दात हातात घेऊन बघत बसला. एक बाई माझ्या जर्सीवर थुंकली. मी तिच्या झिंज्या धरून तिचं तोंड गाडीच्या बोनेटवर आपटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

आत गेले तर भिंतभर रोझेरचं चित्र. दोन मुठी आणि वर लिहिलेलं, "आमचा हातोडा." आमचा म्हणे! मुडदे मेले.

तळलेल्या बटाट्यांच्या गाड्याजवळ कुणीतरी मला मागून उचललं. यानिक. अंगावर सगळं चिलखत, पायात स्केट्स, डोळे मात्र तेच, फ्रीज उघडणारे.

"आर्लेत! किती वाळलीस गं!"

"खाली ठेव गाढवा, लोक बघतायत."

त्यानं खाली ठेवलं आणि चेहरा पाडला. "कोच म्हणतोय, पहिल्या पाच मिनिटांत रोझेरला लढतोस का विचारायचं. मी नाही म्हटलं तर मला घरी पाठवणार. आणि मी विचारलं की तो नाही म्हणणार नाही. तू ओळखतेस त्याला."

मी त्याची जर्सी धरली. मार्चमधलं सगळं सांगितलं, डाग, डॉक्टर, नोएमी दारात उभी राहते ते. पोराचा रंग उडाला.

"एक ठोसा, यानिक. एकच पुरे आहे."

"मग मी डोक्याला बोटही लावत नाही," तो म्हणाला. "फासळ्यांवर दोन-चार देतो, कव घालून धरून ठेवतो, तो दमला की मीच पडतो. पडलो की संपलं. पडलेल्याला मारत नाहीत."

"पडशील? सगळ्यांसमोर?"

"तुझ्यासाठी? अगं तोंडावर पडेन!" असं म्हणून हसला. मी त्याचं डोकं खाली ओढून कपाळाचा मुका घेतला. माझा जीव भांड्यात पडला. सगळं जमलं असं वाटलं मला.

सामना सुरू झाला. मी वर आमच्या लोकांत बसलेच नाही, खाली काचेला नाक लावून उभी राहिले. तिसऱ्या मिनिटाला यानिक रोझेरच्या शेजारून सरकत गेला आणि काहीतरी बोलला. रोझेरनं मान डोलावली. दोघांनी हातमोजे टाकले, हेल्मेटं काढून ठेवली. लाक-ओ-लू उभं राहिलं. वरून क्लेमांचा ढोल घुमायला लागला. "मार यानिक! फोड त्याला!"

रोझेरनं पहिला ठोसा मारला तो यानिकच्या गालावर, कातडी तिथंच फाटली. यानिकनं फासळ्यांवर दिला. परत रोझेरचा, भुवईवर, डोळ्यात रक्त. यानिकनं परत फासळ्यांवर. मग कव घातली आणि लटकला. रोझेरनं झटकलं, मारलं, यानिक परत लटकला. मी काचेवर तळवे आपटत मनातल्या मनात म्हणत होते, पड आता पोरा, पड ना.

तेवढ्यात लाक-ओ-लूच्या लोकांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. "ए, नाचताय का?" "लग्न लावा रे यांचं!" आख्खं स्टेडियम खिदळलं. आमचेही हसले. क्लेमांनं तर ढोलावर वरातीचा ताल धरला.

रोझेर थांबला. ज्यानं जन्मभर ठोसे खाल्ले त्याला समोरचा राखून मारतोय हे कळायला किती वेळ लागणार? मला ही एवढी साधी गोष्ट गाड्याजवळ उभी असताना सुचली नाही. तो यानिकच्या तोंडाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाला. "मार," एवढंच असावं. यानिकनं मान हलवली, नाही. आणि माझ्याकडे बघितलं. पोरच ते. अडचणीत सापडलं की घरातल्या बाईकडे बघतं.

रोझेरनंही वळून बघितलं. माझ्याकडे, मग यानिककडे, परत माझ्याकडे. त्याला सगळं समजलं. आम्ही दोघांनी मिळून त्याची कीव केली होती, सगळ्या गावासमोर.

त्यानं यानिकची जर्सी मागून ओढून त्याच्या डोक्यावर घेतली. पोराचे हात अडकले, काही दिसेना. मग तो त्या कापडावर मारत सुटला. खालून, वरून, परत खालून. यानिक पडला. डोक्याची मागची बाजू बर्फावर आपटली, तो आवाज काचेतून आला मला. पडलं की संपलं. रोझेरनंच शिकवलं होतं हे. आणि रोझेर त्याच्या छातीवर गुडघा देऊन खाली बसला आणि मारत राहिला. दोन पंच त्याच्या पाठीवर लोंबकळले, त्यानं खांद्यानं उडवले. पिवळ्या-काळ्या बाहीतली मूठ वर जायची, खाली यायची. पोराचे दोन्ही हात ताठ होऊन हवेत तसेच राहिले, जसं काही कुणाला उचलायला चाललाय.

शिट्ट्या थांबल्या. मग कुणीतरी एक ओरडलं, मग सगळेच. "रो-झेर! रो-झेर!" आणि वरून ढोल. मी वळून बघितलं. क्लेमां. डोळ्यांत पाणी, दोन्ही हातांनी ढोल बडवतोय आणि घसा फोडून ओरडतोय, "रो-झेर! आपला रोझेर!" त्याच्या शेजारी तो फलकवाला लुकडा, डोक्याला पट्टी, क्लेमांच्या गळ्यात हात. मे महिन्यापासून एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन गावं एका दमात एक झाली.

मी फाटकावरच्या म्हाताऱ्याला ढकललं आणि बर्फावर गेले. दोनदा पडले, मग रांगतच गेले. यानिकच्या तोंडावरची जर्सी बाजूला केली. एक डोळा दिसतच नव्हता. दुसरा उघडा होता, पण त्यात कुणी नव्हतं. घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता. "यानिक, मी आर्लेत," मी म्हटलं. परत परत म्हटलं.

माझ्या मागं रोझेर उभा होता, दोन्ही मुठी वर करून. लोक फुलं टाकत होते, टोप्या टाकत होते, आमचे मासे टाकत होते. मान वर करून तो एकेक रांग बघत होता. मला शोधत होता. मी वर कुठंतरी टाळ्या वाजवत असेन असं त्याला वाटत होतं. पायाशी बघायचं त्याच्या मनातही आलं नाही.

रुग्णवाहिका मागच्या दारात उभीच असते. त्यांनी यानिकला चढवलं, मी मागोमाग चढले, कुणी अडवलं नाही. दार लावणार इतक्यात रोझेर आला, स्केट्सवरच, सिमेंटवर खडखडत. मुठींची सालं निघालेली, पण चेहरा कोरा करकरीत. कित्येक महिन्यांत त्याचे डोळे इतके स्वच्छ दिसले नव्हते.

"आर्लेत!" तो म्हणाला. धापा टाकत होता, हसत होता. "बघितलंस ना? एकही नाही बसला डोक्यावर. दिला होता ना शब्द? आज तुझ्याबरोबरच येतो घरी. नोएमीला फोन कर."

नाव बरोबर घेतलं त्यानं. एकदाही अडखळला नाही. मी आले होते ते एवढ्याचसाठी, आणि तो समोर उभा होता, धडधाकट, डोक्यासकट.

नळ्या लावणाऱ्या मुलीनं विचारलं, "ते तुमच्याबरोबर आहेत का? येणार आहेत?"

"नाही," मी म्हटलं. "गाडी काढायला सांगा."