नीलम्माची जाग

सोलापुरात गिरणीच्या फाटकासमोर सुंदरम्माची खानावळ होती, आणि तिथल्या भाकऱ्या तिची सून नीलम्मा थापायची. त्या थंडीत नीलम्माची झोप उडाली. उडाली ती उडालीच. थकवा मात्र नावाला नाही. अंगात वारं भरल्यासारखी ती रात्रभर कानडी पदं म्हणत जातं ओढायची, आणि भोंगा व्हायच्या आत भाकऱ्यांची चळत लावून हसत हसत आणखी काम मागायची. सुंदरम्माने दळणाची बाई काढून टाकली.

मंद्रूपहून नीलम्माची आई दानम्मा आली. लेकीचे लकाकणारे डोळे बघून तिने थेट सुंदरम्माला गाठलं.

"इहीणबाई, हिला निजवा. हिची आत्या अशीच जागून जागून हसायची. मग जी पडली..."

"तुमच्यात निजायचीच रीत असंल," सुंदरम्मा म्हणाली. "गड्ड्याची जत्रा तोंडावर आलीय. ती झाल्यावर बघू की."

नीलम्माही आईवर खेकसली, "अव्वा, मला लई बरं वाटतंय. तू जा!"

दानम्मा गेली.

जत्रा पार पडली आणि नीलम्माने अंथरूण धरलं. भिंतीकडे तोंड, डोळे उघडे. झोप नाही आणि उठणंही नाही. पदर सावरायचा म्हटलं तरी डोंगर वाटायचा. रांगती गौरव्वा अंगावर चढून रडायची, तरी आईचा हात वर होत नसे. काय होतंय ते नीलम्माला सांगताही येईना.

"सोंग हाय," सुंदरम्मा म्हणाली. अंगावर गार पाणी ओतलं, मिरच्यांची धुरी दिली. शेवटी नवऱ्याने, मल्लप्पाने, उलथनं तापवून पोटरीला लावलं. ती किंचाळली, पण उठली नाही. दुसऱ्या दिवशी त्याने तिला गाडीत घालून मंद्रूपला आणून टाकलं. पोर ठेवून घेतली.

आईपाशी हळूहळू झोप परतली. उन्हाळा सरताना नीलम्मा चुलीपुढे बसू लागली. बाजाराला आलेला मल्लप्पा एकदा दारातच उभा राहिला.

"निजती का अजून?"

"निजती. आता बरी हाय. पोरीसाठी झुरतीय, घेऊन जा."

"निजणारी काय करायचीय? पुन्हा झोप उडाली की कळवा. गाडी घेऊन येतो."

नीलम्माने आतून सगळं ऐकलं.

त्या दिवसापासून आईचा डोळा लागला की ती उठून बसायची. पेंग आली की डोळ्यांवर पाणी मारायची, मांडीला चिमटे काढायची. दानम्माला कळलं तेव्हा तिने लेकीपुढे हात जोडले.

"मरशील गं."

"गौरव्वा तितं हाय, अव्वा."

श्रावणाच्या तोंडावर नीलम्मा पुन्हा गाऊ लागली. सोलापूरला निघालेल्या एका माणसाकडे तिने स्वतःच निरोप धाडला. मल्लप्पा लगोलग आला, आणि ती हसत गाडीत चढली.

दानम्मा गाडीमागे वेशीपर्यंत धावली. "जावयबापू, आजची रात तरी निजू द्या तिला!"

"आज न्हाई जमायचं," मल्लप्पा बैलांना हाकत म्हणाला. "गिरणीत रातपाळी सुरू झालीय."