फुंकरीचं पाणी

मंगळवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी, जेवणाच्या सुट्टीत, शर्ट शिवणाऱ्या कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर एका गरोदर बाईने नळीतून फुंकर मारली आणि पेल्यातलं नितळ पाणी दुधासारखं पांढरं झालं. जमलेल्या बायांनी श्वास रोखला.

"उतरला!" फुंकरबाबा गरजला. "तंबाखूचा डाग गर्भातून पाण्यात उतरला!" मग त्याने कुपीतलं गुलाबाच्या वासाचं तीर्थ ओतलं. पाणी पुन्हा नितळ. "बाळ धुतलं गेलं, माउली. आता खा की नका खाऊ, त्याला लागायचं नाही. दर आठवड्याची फुंकर तेवढी चुकवू नका."

ही बाई काजं करायची, म्हणून काजवाली. सातवा महिना. भूक मारायला, मशीनवरून उठावं लागू नये म्हणून मजल्यावरच्या निम्म्या बाया दाढेखाली तंबाखू-चुना धरत. दीड महिन्यापूर्वी कारखान्याच्या नर्सबाईंनी तंबाखू सोडवायला आठ गरोदर बायांची आठवड्याची बैठक सुरू केली. तोड बायांनीच काढली: डब्या एका पिशवीत घालून काजाच्या मशीनमागे खिळ्याला टांगायच्या, तलफ आली की शेजारणीला सांगायचं, तिने बोलण्यात गुंतवायचं. काजवालीने चाळीस दिवस डबीला हात लावला नव्हता.

बुधवारी पिशवी रिकामी होती. फुंकर झालेल्यांनी आणि न झालेल्यांनीही डब्या परत नेल्या होत्या.

नर्सबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या भोंदूला आत कोणी घेतलं?"

"मीच," सुपरवायझर म्हणाला. "तुमची बैठक कामाची वीस मिनिटं खाते. बाबा सुट्टीत उरकतात."

गुरुवारी बाबा उरलेल्या बायांसाठी परत आला. नर्सबाई सरळ पुढे गेल्या, बाबाने भरून ठेवलेला पेला उचलला आणि सुपरवायझरपुढे धरला.

"साहेब, तंबाखू खाता?"

"छे! सुपारीसुद्धा नाही."

"मग फुंका."

"अहो, त्यांना कशाला..." बाबा चाचरला. तोवर सुपरवायझरने ऐटीत फुंकर मारली होती. पाणी पांढरंफटक.

"अगं बाई, साहेबांना दिवस गेले!" कॉलर शिवणारी ओरडली. "कितवा हो?"

मजला हसला. नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा पेला काढला. "यात काजवालीकडून मागून घेतलेला, तिच्याच डबीतला चुना सकाळी पाण्यात कालवला. खाली बसल्यावर वरचं पाणी गाळून घेतलं." त्यांनी स्वतः फुंकर मारली, पांढरं. बाटलीतलं व्हिनेगर ओतलं, नितळ. "कोणाचाही श्वास चुन्याच्या निवळीला पांढरं करतो. बाबाच्या तीर्थाचा वास घ्या. गुलाबाच्या खाली हेच आहे."

बाबा सामान आवरू लागला होता.

"तंबाखू रक्तात जाते, नाळेतून बाळाला पोचते. धुऊन निघत नाही. खायचं थांबवलंत की पोचायची थांबते, एवढंच. तलफ आवरत नसेल तर माझ्याकडे या, मी रागावणार नाही. पण जो म्हणेल खा, मी धुतो, त्याला आधी तुमच्यासमोर फुंकायला लावा."

काजवाली जागची हलली नव्हती. "म्हणजे दोन दिवस मी खाल्ली, ती सगळी त्याला पोचली?"

नर्सबाईंनी मानेनेच हो म्हटलं. "पण आज थांबलीस तर..."

"चाळीस दिवस काढले होते हो मी," ती म्हणाली आणि डबी मुठीत घेऊन जिना उतरून गेली.

शुक्रवारी बैठकीची वीस मिनिटं सुपरवायझरने मुकाट्याने दिली. सुट्टीपर्यंत खिळ्यावरच्या पिशवीत सात डब्या परत आल्या होत्या. काजवाली कामावर आलेली नाही. नर्सबाईंकडे तिची पुढची तपासणी सोमवारी आहे.