खांदेबाबाच्या खांद्यातला देव

हॉल खचाखच भरला होता. ओकणारी तान्ही, रडवेल्या आया आणि मागे ठाण मांडून बसलेल्या सासवा. समोर उंच आसनावर खांदेबाबा. आईने बाळाला पाजलं की बाबा ते खांद्यावर घ्यायचा, पाठीवर थोपटत लांबलचक मंत्र पुटपुटायचा आणि बाळ थेंबभर ओकायचं नाही. बाबाच्या खांद्यात म्हणे देव बसलेला! बाबाच्या उरलेल्या अंगात काय बसलं होतं, ते कुणी विचारत नव्हतं.

शिवणकाम करणारी एक बाई सासूबरोबर पुन्हा आली होती. तिचं तीन महिन्यांचं पोर इथे शांत असायचं. घरी पाजून पाळण्यात टाकलं की भसकन दूध बाहेर.

"दोष दुधात आहे!" बाबाने डोळे मिटून निकाल दिला. "माझ्यापाशी टिकतं, आईपाशी टिकत नाही. अंगावर पाजणं बंद. आता फक्त माझं मंतरलेलं पाणी."

"ऐकलंस?" सासूने कोपर मारलं. "आजपासून त्याला जवळ घ्यायचं नाही."

नुसत्या पाण्यावर एवढंसं पोर जगणार कसं? सकाळीच ती गुपचूप दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला आठवलं, आणि ती उठलीच.

"बाबा, देव खांद्यातच आहे, की मांडीतही आहे?"

"सर्वांगात आहे, माते!" बाबा फुलला.

"मग आत्ता पाजते. मांडीवर आडवं घेऊन मंत्र म्हणा."

बाबा चुळबुळला. "मांडीचा मुहूर्त वेगळा असतो..."

"देवाला कसला मुहूर्त? घ्या की!" मागून एक म्हातारी ओरडली. हॉलमध्ये खसखस पिकली.

पोटभर प्यायलेलं पोर मांडीवर आडवं झालं. मंत्र अर्ध्यावर आला नाही, तोच बाबाची रेशमी कफनी दुधाने भिजली.

"शी! धरा याला!" बाबा किंचाळला. दिवसभरात त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं खरं वाक्य.

बाईने पोराला पुसलं, थोडं पाजलं आणि स्वतःच्या खांद्यावर उभं धरलं. सगळे टक लावून बघत राहिले. एक ढेकर आला, दूध आलं नाही.

"एवढ्या लहानांची जठराच्या तोंडाची झडप ढिली असते," ती म्हणाली. "भरल्या पोटी आडवं केलं की दूध उलटं येतं. थोडं थोडं पाजायचं, ढेकर काढायचा, वीस-तीस मिनिटं उभं धरायचं. झोपवायचं मात्र उताणंच. बहुतेकांचं वर्षभरात थांबतं. डॉक्टरीणबाईंनी वजनही केलंय, छान वाढतोय."

"म्हणजे आपण पाजल्या पाजल्या झोके देत होतो, म्हणून?" सासूने विचारलं.

"हो आई."

सासू बाबाकडे वळली. "आणि तू माझ्या नातवाला उपाशी मारायला निघाला होतास, मेल्या?"

बाबा ओली कफनी झटकत आसनावरून उतरला.

तेव्हा डोकं वापरा. उलटी हिरवी असेल, रक्त दिसलं, दूध पिचकारीसारखं उडत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर लगेच दवाखाना गाठा. यातलं काही नसेल, तर बाळाला खांद्यावर घ्या. आईचा, बापाचा, आजीचा, कुणाचाही चालतो. आईच्या दुधावर आळ घेणाऱ्या भोंदूला मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवा.