कुणाकडून आलं

"हॅलो, कोन बोलतंय?" श्रीदेवीनं दचकून विचारलं. नंबर घरचा होता, पण पलीकडून पुरुषाचा आवाज आला होता.

"मम्मी, मीच की. सिद्धी."

सोलापूरजवळ चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. श्रीदेवीच्या हातातला भाकरीचा तुकडा तसाच राहिला. शिलाई विभागात बावीस वर्षं टॉवेलच्या कडा मारून तिचे कान अधू झाले होते. कानांचाच दोष असेल, असं तिनं स्वतःला बजावलं.

"घसा बसलाय का गं?"

"न्हाय. लई दिवस झाले. म्हनून तर मी घरात बोलत न्हाय."

तेव्हा कुठं श्रीदेवीच्या ध्यानात आलं की सोळा वर्षांची आपली बडबडी पोर कित्येक दिवस नुसती मान हलवत होती. संध्याकाळी घरी जाऊन तिनं पोरीला उजेडात उभं केलं. ओठावर काळी लव दिसत होती. पाळी पाच महिन्यांपासून बंद होती आणि ही गोष्ट सिद्धीनं कुणालाच सांगितली नव्हती.

सासूबाई, दानम्मा, कोपऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. गळ्याला पेरूएवढी गाठ, आयुष्यभराची. तिच्यावरूनच इष्टलिंगाचा दोरा खाली उतरायचा. त्या म्हणाल्या, "एक लेकरू गड्ड्याच्या थंडीत नेऊन घालवलंस. आता हिचंबी ध्यान न्हाय तुला."

श्रीदेवीला हे नवं नव्हतं. थोरला बसू अडीच वर्षांचा असताना ती त्याला संक्रांतीच्या थंडीत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला घेऊन गेली होती. आठवड्यानं त्याला धाप लागली. छातीत पाणी झालंय, आत काहीतरी गाठीसारखंही दिसतंय, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि अकराव्या दिवशी लेकरू गेलं. त्याला अठरा वर्षं झाली. नवरा महेश्वर यंत्रमागांचा फिटर, स्वभावानं गरीब. त्यानं बायकोला कधी दोष दिला नाही. पण आई बोलायला लागली की चपला घालून बाहेर पडायचा.

सोनोग्राफीत सिद्धीच्या अंडाशयावर मोसंबीएवढी गाठ निघाली. तीच पुरुषी हार्मोन बनवत होती. ऑपरेशन झालं, गाठ सगळी निघाली. घरात सगळ्यांना वाटलं, सुटलो. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून फोन आला: आईवडील दोघांनी या.

डॉक्टर भार्गवी तिशीच्या आसपासच्या होत्या. त्यांनी सिद्धीची फाईल बंद करून बाजूला ठेवली आणि विचारलं, "घरात लहानपणी कुणी मूल गेलंय का? छातीच्या आजारानं?"

ही बाई कालपर्यंत आपल्याला ओळखत नव्हती. हिला बसू कसा माहीत?

"माझा मुलगा," ती म्हणाली. "मी त्याला थंडीत नेलं."

"थंडीनं असं होत नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "दोघांचं रक्त द्या. मग बोलू."

महिनाभर श्रीदेवी मशीनवर बसली तरी तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. घरी दानम्मा रोज विचारायच्या, "कुनाकडनं आलं म्हनतात?" आणि उत्तराची वाट न बघता श्रीदेवीकडे बघायच्या. श्रीदेवीनंही मनाशी धरलं होतं. थंडी नसेल तर आपलं रक्त असेल. काहीही असलं तरी आपणच.

रिपोर्ट आला त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर एक लांब पट्टी काढली. ती स्वतःवरच दुमडलेली होती, केसाच्या पिनेसारखी.

"आपल्या प्रत्येक पेशीत आरएनएच्या अशा पट्ट्या बनतात, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या. डायसर नावाचं एक प्रथिन त्यांचा हा आकार ओळखतं, टोक पकडतं, तिथून माप धरतं आणि साधारण बावीस अक्षरांवर कापतं. त्या बारीक तुकड्याला मायक्रोआरएनए म्हणतात. त्यांचं काम जनुकांना गप्प करायचं. फुफ्फुस तयार झालं, आता वाढ पुरे, हे ते सांगतात."

"आणि चुकीचं कापलं तर?"

"मग पुरे म्हणणारं कुणी राहत नाही. पेशी वाढतच राहतात." त्यांनी कागदावर शेजारी शेजारी दोन रेघा काढल्या. "डायसरच्या जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात. सिद्धीची एक प्रत जन्मापासून बिघडलेली आहे. दुसरी त्या गाठीत बिघडली. बसूच्या फुफ्फुसातही तसंच झालं असणार. ज्यांची दुसरी प्रत शाबूत राहते, त्यांना बहुधा काही होत नाही. श्रीदेवीताई, तुमचं रक्त ठीक आहे. दोष महेश्वररावांकडून आलाय."

महेश्वर धडधाकट माणूस, पन्नाशीत आलेला, कधी दवाखाना न पाहिलेला. तो आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिला.

"याच दोषानं गळ्यालाही गाठ येते. तुमच्या आईवडिलांपैकी कुणाच्या गळ्याला गाठ आहे?"

श्रीदेवीच म्हणाली, "आत्यांच्या. सासूबाईंच्या."

"मग बहुधा तिकडूनच. सिद्धीला आता दर सहा महिन्यांनी तपासायचं. आवाज कदाचित पूर्ण परत येणार नाही. आणि तुमच्या रक्ताच्या नात्यात लहान मूल कोण आहे? छातीतल्या अशा गाठी पहिल्या सहा-सात वर्षांतच जास्त होतात."

बाहेर गाड्यांपाशी आल्यावर महेश्वरनं तिचा हात धरला. "अव्वाला सांगू नको. म्हातारी हाय. हाय खाऊन मरंल."

श्रीदेवी त्याच्याकडे बघत राहिली. अठरा वर्षांत कधी तरी, एकदा तरी, हा आपल्या आईला म्हणाला असता की तिची चूक न्हाय. आता त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला राग आला आणि त्याची कीवही आली. गप्प बसायची तिला सवय होती. गप्प बसणं सोपंच होतं.

"अक्कलकोटला वन्संच्या लेकीचं बाळ हाय," ती म्हणाली. "धा महिन्यांचं. परवा फोनवर काय म्हनत हुत्या? खोकला जाईना म्हनत हुत्या न्हवं?"

महेश्वरनं तिचा हात सोडला.

दानम्मा उंबऱ्यातच बसल्या होत्या. "कुनाकडनं आलं?"

श्रीदेवी त्यांच्यासमोर खाली बसली. हा क्षण तिनं कितीदा मनात घोळवला होता. पण प्रत्यक्षात तोंडातून शब्द हळूच निघाले. "तुमच्याकडनं, आत्या. तुमची चूक न्हाय. कुनाचीच न्हाय. पन महादेवीवन्संचा नातू खोकतोय, त्याची छाती आत्ताच बघाय पायजे."

म्हातारीचा हात गळ्याकडे गेला आणि गाठीवर थांबला. आत सिद्धीनं नळ बंद केला तेवढा आवाज झाला.

"बसूला थंडी बाधली न्हवती म्हनायची?"

"न्हाय."

"फोन लाव," दानम्मा म्हणाल्या. लेकीशी त्या कानडीत बोलल्या, पहिली दोन वाक्यं करड्या आवाजात. तिसऱ्याला आवाज चिरला आणि फोन त्यांनी श्रीदेवीच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी बाळाला जीपमधून सोलापुरात आणलं. स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात हवेचा फुगा दिसला, जांभळाएवढा. डॉक्टर भार्गवी म्हणाल्या, "अजून नुसता फुगाच दिसतोय, त्याची गाठ झालेली नाही. लवकर आलात. ऑपरेशननं निघेल, पुढचं मात्र आत बघितल्यावरच कळेल." पुढच्या वर्षी आले असते तर काय, हे कुणी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी दानम्मा घरी थांबायला तयार झाल्या नाहीत. कॉरिडॉरमध्ये एकच बाकडं होतं. महादेवी लेकीला धरून टोकाला बसली होती, महेश्वर औषधांच्या रांगेत होता. श्रीदेवी रजेचा अर्ज कारखान्यात देऊन धावतपळत आली आणि नेहमीसारखी भिंतीला टेकून उभी राहिली.

दानम्मांनी शेजारी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. बाकड्यावर एका माणसापुरती जागा झाली. तिच्याकडे त्यांनी बघितलं नाही. थोड्या वेळानं श्रीदेवी तिथं बसली.

आत कुणीतरी बाळाला सुई टोचली असावी. ते मोठ्यानं रडायला लागलं. दोघी ऐकत राहिल्या. जोवर रडतंय तोवर छातीत वारं भरतंय. मग दार लोटलं गेलं आणि रडणं ऐकू येईनासं झालं.