भरल्या बंदुकीला ओवाळताना

आमच्या गुणाकरमामांकडे बंदूक आहे, हे बालाघाटात ज्याला ठाऊक नाही तो इथला नाहीच समजा. आजोबांची दुनळी. त्यांच्या माघारी लायसन मामांच्या नावावर आलं, आणि लायसनबरोबर नेमही आला असा मामांचा समज झाला. बंदूक घराबाहेर पडते ती निवडणूक आली की, ठाण्यात जमा व्हायला. तेवढाच तिचा व्यायाम.

गावाबाहेर बंदूकवाल्यांसाठी दर महिन्याला सराव असतो. तिथे जा म्हणून प्रेमलतामामी मागे लागून लागून थकली. मामांचं उत्तर ठरलेलं, "सायकल शिकलेला मानूस सायकल भुलते का?" मामांनी आयुष्यात एकच गोळी झाडली, तीही आजोबांनी हात धरून. म्हणजे सायकल शिकले कधी, हाच खरा प्रश्न.

दसरा जवळ आला की मामीचा जीव टांगणीला लागे. कारण रिकाम्या शस्त्राची पूजा करायची नाही, असा नेम मामांनीच काढलेला. सुवासिनीची ओटी रिकामी नसते, तशी बंदूकही नसावी म्हणे! दोन्ही नळ्या भरायच्या, बंदूक हातात घेऊन मामांनी पाटावर उभं राहायचं आणि मामीनं समोरून ओवाळायचं.

यंदा जावई यशोधन आले होते, शिवाय माझीही हजेरी होती. मग काय, मामांना चेव चढला. पाटावर उभे राहून ते बंदूक कशी धरतात ते दाखवू लागले. ताट घेऊन समोर आलेली मामी म्हणाली, "अजी, तोंड तिकडं करा ना तिचं."

"काहून घाबरून राह्यली? घोडा दाबल्याबिगर काही होत नाही." असं म्हणत मामांनी घोडा कुठे असतो ते जावयाला बोट लावून दाखवलं.

कानठळ्या बसल्या. छर्रे मामीच्या कानाजवळून गेले आणि मागच्या कपाटाच्या काचा खळखळ खाली आल्या. मामी भिंतीला धरून मटकन बसली.

शेजारी धावत आले, तर मामा अजून पाटावरच. "घाबरू नका जी, आपला नेम पक्का हाय. पाहा, बाईले खरोंचही नाही आली!" मला संताप आला. यशोधन चाचरत म्हणाले, "बाबूजी, एक बार ट्रेनिंग कर लो."

"आमच्या खानदानाले कोन शिकवते?"

तेव्हा मामी उठली. तिनं सांडलेलं ताट उचललं, निरांजन पुन्हा लावलं आणि ताट मामांपुढे धरलं.

"घ्या. आता तुम्ही ओवाळा. बंदूक माझ्याजवळ द्या."

मामा टुणकन पाटावरून उतरले. "अवं, दुसरी नळी भरली हाय! तुले कुठं चालवता येते?"

"तुमाले येते का?" मामी म्हणाली.